मेकर, चेकर आणि कोड : महाराष्ट्रातल्या बँक-सॉफ्टवेअरच्या सुरक्षेचा इतिहास

एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून पास करायची, हा बँकेतला नियम संगणकाच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे. १९७० च्या दशकात चेक वटवायला आलेल्या माणसाला आधी टोकन क्लार्क पितळी बिल्ला देई. चेक लेजर क्लार्ककडे जाई. तो खात्यातली शिल्लक बघून रक्कम नावे टाकी. तिथून तो पासिंग ऑफिसरच्या टेबलावर पोचे. ऑफिसर नमुना सहीच्या कार्डाशी सही ताडून बघे, लेजरमधल्या नोंदीवर आपली छोटी सही करी, आणि मगच रोखपाल टोकनाचा नंबर पुकारी. संध्याकाळी ताळा जमेपर्यंत कोणाला घरी जाता येत नसे. या पद्धतीला पुढे ‘मेकर-चेकर’ असे सुटसुटीत नाव पडले.

प्रोग्राम लिहितानाच तो कोणाला फसवता येणार नाही अशी तजवीज करणे, म्हणजे अॅप्लिकेशन सुरक्षा. महाराष्ट्रात या विषयाचा इतिहास बराचसा त्या जुन्या नियमाचाच इतिहास आहे. कागदावर तो पक्का बसलेला होता, संगणकात शिरताना तो वाटेत सांडला, आणि पैसे गेल्यानंतर एकेक करून परत आणावा लागला.

हिशेबाच्या या शिस्तीचे एक मोठे ठाणे नागपुरात आहे. केंद्र आणि राज्य सरकारांची मुख्य खाती रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयातल्या सेंट्रल अकाउंट्स सेक्शनमध्ये ठेवली जातात. बँकांच्या बोलीत हा विभाग ‘कॅस, नागपूर’. देशभरातल्या एजन्सी बँका सरकारच्या वतीने जो कर गोळा करतात आणि जी देणी चुकवतात, त्यांची रोजची बेरीज शेवटी नागपूरला कळवावी लागते. सिव्हिल लाइन्समधून जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना याची कल्पना असते. कागदी विवरणांच्या काळात इथे चूक सापडायची ती माणसाच्या नजरेला. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘ई-कुबेर’ ही स्वतःची कोअर बँकिंग यंत्रणा सुरू केली आणि सरकारी खात्यांचे काम टप्प्याटप्प्याने तिच्यावर गेले. नजरेचे काम प्रोग्रामकडे आले. प्रोग्रामला मात्र जेवढे सांगितले तेवढेच दिसते, आणि बँकांच्या संगणकीकरणाची पहिली दोन दशके हे भान कमीच होते.

त्यालाही कारण होते. १९८३ मध्ये बँक संघटना आणि कामगार संघटना यांच्यात यंत्रांबाबत करार झाला, तेव्हा वादाचा विषय नोकऱ्या हा होता. किती शाखांत किती यंत्रे, त्यांवर कोण बसणार, त्याला भत्ता किती, यावर वाटाघाटी चालल्या. पुढच्याच वर्षी सी. रंगराजन यांच्या समितीने यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला आणि शाखांत लेजर पोस्टिंग मशिने दिसू लागली. नोंद यंत्रात करायची, पण खात्री कागदावरच करायची, अशी दुहेरी पद्धत त्या काळात होती. ती वेळखाऊ होती, तरी तिच्यात चेकर जिवंत होता.

खरी फट पडली ती १९९० च्या दशकात. राज्यातल्या नागरी सहकारी बँकांनी आणि पतसंस्थांनी स्थानिक विक्रेत्यांकडून शाखा चालवायची पॅकेजेस घेतली. त्यांतली बरीच फॉक्सप्रोमध्ये लिहिलेली होती. लेखनिकासमोर पासवर्ड विचारणारा पडदा येई, मेकरचा मेनू वेगळा, ऑफिसरचा वेगळा, सारे रीतसर. पण खात्यांची माहिती एका साध्या डीबीएफ फाइलमध्ये पडलेली असे. त्या फोल्डरपर्यंत पोचलेल्या कोणीही फॉक्सप्रो वेगळे उघडून ‘यूज’ आणि ‘ब्राउझ’ एवढ्या दोन आज्ञा दिल्या की शिल्लकेचा रकाना थेट पडद्यावर येई. कर्सर नेऊन आकडा बदलता येई, आणि तो कोणी बदलला याची खूण फाइलमध्ये राहत नसे. दाराला कुलूप आणि मागची भिंतच नाही, असा हा मामला होता. सावध शाखाधिकारी रोज संध्याकाळी सगळ्या शिलकांची छापील यादी काढून सही करून ठेवत. त्या रटाळ कामाने किती शाखा वाचवल्या असतील, याची नोंद कुठेच नाही.

वास्तविक याचे शास्त्र तोवर लिहून झालेले होते. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातल्या माहितीच्या संरक्षणाची तत्त्वे मांडली. प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा, प्रत्येक मागणी प्रत्येक वेळी तपासावी, महत्त्वाच्या कामाला दोन किल्ल्या लागाव्यात. दोन किल्ल्यांची तिजोरी ज्यांच्या रोजच्या वापरातली, त्यांना यात शिकण्यासारखे नवे काहीच नव्हते. पण तिजोरीचे ज्ञान असलेली माणसे आणि प्रोग्राम लिहिणारी माणसे वेगळी होती, आणि दोघांची गाठ पडली तर ती बिलाच्या वेळी.

त्या काळी संगणक-सुरक्षा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे व्हायरस येई. फ्लॉपीवरून पसरणाऱ्या व्हायरसांनी पुण्यात एक मराठी उद्योगही उभा केला. कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करत. धाकटे बंधू संजय यांनी दुरुस्तीला आलेली यंत्रे साफ करण्यासाठी प्रोग्राम लिहिले, आणि त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस बाजारात आले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. उद्योग म्हणून ही कथा अभिमानाची आहेच. पण अँटिव्हायरस बाहेरून आलेला घातक प्रोग्राम ओळखतो. बँकेने स्वतः विकत घेतलेल्या प्रोग्राममधली चूक त्याला दिसत नाही. ‘अँटिव्हायरस टाकला आहे ना, मग झाले’ ही समजूत मात्र कार्यालयांतून पुढे अनेक वर्षे टिकली.

वाय-टू-केच्या, म्हणजे २००० साल लागताच संगणकांतल्या तारखा चुकतील या धास्तीने भारतीय प्रोग्रामरांना लाखो ओळींचा जुना कोड ओळीओळीने वाचायला लावले. दुसऱ्याचा कोड वाचायची सवय उद्योगाला त्या कामाने लागली. वाचणारा मात्र तारीख शोधत होता, चोर शोधत नव्हता. आणि नेमक्या त्याच सुमारास, १९९८ च्या डिसेंबरमध्ये, ‘फ्रॅक’ या अमेरिकेतल्या हॅकरांच्या नियतकालिकात डेटाबेसला फसवण्याची एक युक्ती प्रसिद्ध झाली. पुढे तिला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ हे नाव मिळाले.

ही युक्ती समजायला गोव्यातले एक आडनाव पुरते. रोमन लिपीत डि’सूझा लिहिताना मध्ये एकेरी अवतरणचिन्ह येते. डेटाबेसच्या भाषेतही मजकूर कुठे संपला हे तेच चिन्ह सांगते. बेफिकिरीने लिहिलेल्या प्रोग्रामने हे आडनाव जसेच्या तसे आज्ञेत चिकटवले, की डेटाबेसला वाटते नाव ‘डि’पाशी संपले, आणि उरलेले ‘सूझा’ तो आज्ञा म्हणून वाचू पाहतो. डि’सूझांच्या वाट्याला येते ती फक्त एरर. पण त्याच चौकटीत कोणी अवतरणचिन्हापुढे ‘किंवा एक बरोबर एक’ अशा अर्थाची अट टाकली, तर ती अट नेहमीच खरी असल्याने पासवर्डाची तपासणी कोलमडते आणि दार उघडते. यावर उपाय सोपा आहे : आज्ञा आणि माहिती डेटाबेसकडे वेगवेगळी पाठवायची. अनेक कार्यालयांनी त्याऐवजी अवतरणचिन्हावरच बंदी घातली, आणि डि’सूझांना फॉर्म भरताना आपल्या आडनावाचे चिन्ह गाळावे लागले.

२००० ते २००५ या काळात जगाने हा विषय गंभीरपणे घेतला. २००१ मध्ये ‘ओवास्प’ ही स्वयंसेवकांची चळवळ सुरू झाली. २००३ मध्ये तिने वेब-प्रोग्राममधल्या दहा मोठ्या दोषांची पहिली यादी काढली. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी मायक्रोसॉफ्टच्या सर्व कर्मचाऱ्यांना पत्र लिहून नव्या सोयींपेक्षा सुरक्षेला प्राधान्य द्यायला सांगितले. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि जानेवारी २००४ मध्ये ‘सर्ट-इन’ ही केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. पण पुण्यातल्या आणि नागपुरातल्या प्रोग्रामरांच्या टेबलावर सुरक्षा आली ती कायद्याच्या वाटेने नव्हे, अमेरिकी ग्राहकाच्या करारातून. कार्डाच्या व्यवहारांसाठीचे पीसीआय मानक डिसेंबर २००४ मध्ये आले, आणि कोड कसा लिहिला, कोणी तपासला, याचे पुरावे ग्राहक मागू लागला. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये पर्सिस्टंटसारख्या कंपन्यांची केंद्रे उभी राहिली, पुढे मिहानमध्ये टीसीएस आणि एचसीएल आल्या. व्हीएनआयटी आणि भोवतालच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना सुरक्षित कोडचा धडा अभ्यासक्रमापेक्षा अशा कंपन्यांच्या प्रोजेक्टवरच जास्त मिळाला.

एप्रिल २००५ मध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांचे पिन काढून घेऊन सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केल्याचे उघड झाले. त्यात कोणताही कोड फोडलेला नव्हता. ग्राहकांनी विश्वासाने पिन सांगितले होते. त्यामुळे इलाजही माणसांवर झाला : मोबाइल बाहेर ठेवा, कागद-पेन आत नेऊ नका, दाराशी झडती द्या. पिन जाणणाऱ्या कोणालाही एवढी रक्कम हलवू देणारी रचनाच सदोष आहे का, या प्रश्नाला त्या गदारोळात जागा मिळाली नाही.

सरकारी बाजूला याच सुमारास एक नवा कागद जन्माला आला : ‘सेफ टू होस्ट’ प्रमाणपत्र. सरकारी संकेतस्थळ सर्व्हरवर चढवण्याआधी सर्ट-इनच्या यादीतल्या लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यायचे, सापडलेल्या त्रुटी दुरुस्त करायच्या, आणि मग प्रमाणपत्र घ्यायचे. योजना चांगली, पण तिचे व्यवहारात वाहनाच्या पीयूसीसारखे झाले. तपासणीच्या दिवशी गाडी ठीक असते. नंतर तिच्यात काय बदलले ते पुढच्या तपासणीपर्यंत कोणी विचारत नाही. सॉफ्टवेअर मात्र दर आठवड्याला बदलते.

दरम्यान सरकारी आणि सहकारी बँकांनी कोअर बँकिंग, एटीएम आणि मोबाइल अॅप हे सगळे एका दशकात उरकले. त्याची किंमत दोन प्रकरणांत कळली, आणि योगायोगाने दोन्ही बँकांचे मुख्यालय पुण्यात आहे.

पहिले बँक ऑफ महाराष्ट्रचे. यूपीआयची अॅप्स ऑगस्ट २०१६ मध्ये लोकांच्या हाती आली. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि वापर एकदम वाढला. यूपीआयमध्ये पैसे पाठवताना पाठवणाऱ्याच्या बँकेने आधी खात्यातून रक्कम वजा करायची आणि ‘झाले’ असा निरोप द्यायचा. त्या निरोपावर घेणाऱ्याच्या खात्यात पैसे जमा होतात. बाहेरच्या विक्रेत्याने बनवलेल्या या बँकेच्या यूपीआय प्रणालीत एक दोष राहिला होता : खात्यात पुरेसे पैसे नसतानाही व्यवहार यशस्वी ठरत होता. ज्यांच्या लक्षात ही गंमत आली त्यांनी ती इतरांना सांगितली, आणि सुमारे २५ कोटी रुपये बाहेर गेले. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेचे तत्कालीन प्रमुख ए. पी. होता यांनी मार्च २०१७ मध्ये ही गोष्ट जाहीरपणे मान्य केली. इथे कोणी हॅकर नव्हता, व्हायरस नव्हता. जुन्या लेजर क्लार्कने जी शिल्लक पहिल्यांदा बघितली असती, ती बघितल्याशिवायच होकार गेला होता.

दुसरे प्रकरण कॉसमॉस बँकेचे. १९०६ मध्ये स्थापन झालेली ही देशातल्या सर्वांत जुन्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. एटीएममध्ये कार्ड घातले की मागणी बँकेच्या ‘एटीएम स्विच’ या सॉफ्टवेअरकडे येते. स्विच कोअर बँकिंगला शिल्लक विचारतो आणि उत्तर परत पाठवतो. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून एक बनावट स्विच उभा केला. मागण्या त्याच्याकडे वळल्या, आणि तो कोअर बँकिंगला काहीही न विचारता प्रत्येकीला ‘मंजूर’ म्हणत राहिला. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून क्लोन केलेल्या कार्डांवर सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतात आणखी अडीच कोटी. त्यात कोल्हापुरातली एटीएमही होती. सोमवारी, १३ ऑगस्टला, बँकांमधल्या ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय निरोपयंत्रणेमार्गे १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या पुढे. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, कारण खात्यांपर्यंत प्रश्न पोचलाच नव्हता. तोटा बँकेचा झाला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. ही सगळी एटीएमसमोर उभी राहणारी किंवा त्यांना उभी करणारी फळी होती. हल्ल्याचा मेंदू परदेशातच राहिला.

दोन्ही प्रकरणांत मेकर होता आणि चेकर गैरहजर होता. एकात तो कोडमध्ये नीट लिहिलाच गेला नाही, दुसऱ्यात कोणीतरी त्याच्या खुर्चीत बसले.

रिझर्व्ह बँकेचे नियम बहुतेक वेळा घटनेच्या मागून आले. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून फेब्रुवारी २०१६ मध्ये ८.१ कोटी डॉलर गेले. भारतातल्या व्यापारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट २ जून २०१६ रोजी आली. कॉसमॉसनंतर दोनेक महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, नागरी सहकारी बँकांसाठी पहिली मूलभूत चौकट आली, आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी चार पातळ्यांची सविस्तर चौकट. जी बँक जितक्या डिजिटल सोयी देते, तितकी तिची पातळी वर आणि जबाबदारी जड. वरच्या पातळ्यांत ‘अॅप्लिकेशन सिक्युरिटी लाइफ सायकल’ हा शब्दप्रयोग सहकारी बँकांच्या संचालक मंडळांपुढे बहुधा पहिल्यांदाच आला. फेब्रुवारी २०२१ च्या डिजिटल पेमेंटविषयक निर्देशांनी व्यापारी बँकांना आणखी पुढे नेले : रचना ठरवतानाच धोक्यांचा विचार, कोडची तपासणी, आणि विक्रेता बुडाला किंवा पळाला तरी बँकेच्या हाती मूळ कोड राहावा यासाठी ‘एस्क्रो’.

या सगळ्यात एक वर्ग कायम दाराबाहेर उभा राहिला : न विचारता दोष शोधून दाखवणारे. मुंबईच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यातले मतदान यंत्र २०१० मध्ये सुरक्षा-संशोधक हरी प्रसाद आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांच्या हाती आले आणि त्यांनी त्यातले दोष दाखवले. ऑगस्टमध्ये हरी प्रसादांना यंत्राच्या चोरीच्या आरोपाखाली अटक झाली. त्याआधीच, २००७ मध्ये, पुण्यात ‘क्लबहॅक’ ही हॅकरांची परिषद सुरू झाली होती, आणि २०१० मध्ये गोव्यात ‘नलकॉन’. परदेशी कंपन्यांच्या, दोष दाखवणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या ‘बग बाउंटी’ योजनांत भारतीय तरुण वरच्या क्रमांकांवर दिसू लागले, पण आपल्याच गावच्या बँकेचा दोष कळवताना ते दहादा विचार करतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यात परवानगीविना शिरणाऱ्यावर कारवाईची तरतूद आहे आणि चांगल्या हेतूने शिरणाऱ्याला त्यात स्पष्ट संरक्षण नाही. हा कायद्यातला उणेपणाच म्हणायला हवा. चोराला त्याने फारसा फरक पडत नाही, सांगणाऱ्याला पडतो.

अलीकडच्या वर्षांत दोषांचे स्वरूपही पालटले. ओवास्पच्या २०२१ च्या यादीत इंजेक्शन तिसऱ्या स्थानावर उतरले आणि पहिल्या स्थानी आला तो अधिकार-तपासणीतला ढिलेपणा. स्वतःच्या खात्याचा उतारा उघडायचा, पत्त्याच्या ओळीत दिसणाऱ्या खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा बदलायचा, आणि शेजाऱ्याचा उतारा समोर येतो. प्रोग्रामने लॉगिन तपासले, हे खाते त्याच माणसाचे आहे का ते तपासले नाही. अशी चूक यंत्राने चालणाऱ्या चाचण्यांना सहसा सापडत नाही; तिला व्यवहार समजणारा माणूस लागतो.

दुसरा बदल पुरवठ्याच्या साखळीचा. आजचा प्रोग्राम बहुतांशी दुसऱ्यांनी लिहिलेल्या भागांचा बनतो. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावातल्या छोट्याशा घटकात गंभीर दोष निघाला, तेव्हा आपल्याकडे तो घटक कुठे कुठे आहे, हेच अनेक संस्थांना माहीत नव्हते. सहकारी बँकांना हा धडा ३१ जुलै २०२४ रोजी मिळाला. सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि एनपीसीआयने तिचा संपर्क तोडला. तिच्यावर अवलंबून असलेल्या देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआय आणि एटीएम दुसऱ्या दिवसापर्यंत बंद राहिले. क्लाउडसेक या कंपनीच्या विश्लेषणानुसार सुरुवात झाली ती एका भागीदार कंपनीच्या जेन्किन्स सर्व्हरपासून. जेन्किन्स हे ग्राहकांपुढे कधी न येणारे, प्रोग्रामरांचा कोड बांधून तपासणारे साधन. म्हणजे पहिला घाव बँकेवर नव्हता, बँकेच्या पुरवठादारावरही नव्हता; त्याच्या भागीदाराच्या कारखान्यावर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्ट-इनने ‘एसबीओएम’ची मार्गदर्शक तत्त्वे काढली. औषधाच्या वेष्टनावर घटक छापतात तशी सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी विक्रेत्याने द्यावी, असा त्यांचा रोख आहे.

परसोडी आणि मिहानमधल्या कंपन्यांत आता सुरक्षेची तपासणी शेवटच्या आठवड्यात न ठेवता पहिल्या ओळीपासून करायची रीत रुळते आहे. प्रोग्रामरने कोड जमा केला की यंत्रे तो आपोआप चाळतात, उघडे पडलेले पासवर्ड शोधतात, जुने घटक दाखवतात. आणि दुसऱ्या सहकाऱ्याने मंजुरी दिल्याशिवाय तो मुख्य कोडमध्ये मिसळत नाही. पासिंग ऑफिसरचे टेबल वेगळ्या रूपात परत आले, असे म्हणता येईल. नवी अडचण अशी, की २०२२ नंतर कोड लिहिणारा मेकरच अनेकदा कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन असते. ते एका दुपारी जेवढे लिहिते तेवढे वाचायला माणसाला आठवडा लागतो, आणि न वाचता ‘अप्रूव्ह’ दाबण्याचा मोह मोठा असतो.

कायदाही आता रकमेत बोलतो. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतली मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. लोकांच्या माहितीला वाजवी संरक्षण दिले नाही, तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे : बँक ऑफ महाराष्ट्रच्या प्रकरणात गेलेल्या रकमेच्या दहापट.